टाचण्यांच्या खुणा: नारायण पेठेतील एका हातबांधणीच्या कारखान्याविषयी

पुण्याच्या नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, पुस्तकांची हातबांधणी करणारा एक लहानसा कारखाना आहे. जीर्ण पोथ्या, मोडकळीला आलेले शब्दकोश, घरोघरी जपून ठेवलेली पत्रे असे कागद तेथे दुरुस्त होतात, स्कॅन होतात आणि शेवटी कापडी बांधणीत परत मिळतात. माझ्या दिवंगत मामांचा पत्रव्यवहार मी गेल्या आषाढात तेथे दिला आणि यंदा होळीनंतर तीन खंडांत घरी आणला. हातशिलाईचे काम तेथे दोनच माणसे करतात आणि आहे तेवढेच काम वेळेत पुरे होत नाही, म्हणून नाव छापू नये अशी मालकांनी विनंती केली, ती मी पाळत आहे. नारायण पेठेत कोणत्याही जुन्या छापखान्यात जुजबंदीचे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे (जुज) दोऱ्याने शिवून बांधण्याचे, काम कोण करते असे विचारले, तर पत्ता मिळतो.

काम काय होते हे समजल्याशिवाय ते कसे झाले हे सांगता येणार नाही, म्हणून आधी मामांविषयी लिहिते. मामा टपाल खात्यात नोकरीला होते आणि प्रार्थना समाजाचे निष्ठावान सभासद होते. रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवल्याचे मला आठवत नाही. इतरांच्या आधी अर्धा तास जाऊन सतरंज्या घालाव्यात, पेटीवरची धूळ पुसावी, पदांच्या पुस्तकांच्या प्रती मांडून ठेवाव्यात, आणि उपासना संपल्यावर सगळे पुन्हा जागच्या जागी ठेवूनच घरी यावे, हा त्यांचा क्रम होता. आचार्यांच्या जागी बसण्याचा आग्रह झाला तरी ते सहसा बसत नसत. त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेले काम एकच होते, ते म्हणजे परदेशातील युनिटेरियन मंडळींशी समाजाचा पत्रव्यवहार चालू ठेवण्याचे.

युनिटेरियन हा ख्रिस्ती परंपरेतून निघालेला, ईश्वराची त्रयी न मानता तो एकच आहे असे मानणारा उदार पंथ. मूर्तिपूजा आणि अवतार न मानणाऱ्या, एका निराकार ईश्वराची उपासना करणाऱ्या आपल्याकडच्या ब्राह्म समाजाशी आणि प्रार्थना समाजाशी त्याचे नाते फार जुने आहे. राजा राममोहन राय आणि विल्यम ॲडम यांनी १८२१ साली कलकत्त्यात युनिटेरियन समिती काढली होती. पुण्यापुरते बोलायचे तर या नात्याचा सर्वांत मोठा दुवा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे होत. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतलेले शिंदे १९०१ साली युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, दोन वर्षे तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातील उदार धर्मावर निबंध वाचला, आणि परत आल्यावर १९०६ साली मुंबईत अस्पृश्योद्धारासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. मामांच्या टेबलावर शिंदे यांचे छायाचित्र होते. ज्या लोकांनी एका मराठी तरुणाला शिकवून परत पाठवले, त्यांची आपण नंतर विचारपूसही करू नये, हे मामांना पटत नसे. त्यांच्या सगळ्या पत्रांचे मूळ या एवढ्याशा खंतीत आहे.

मामा स्वतः एकदाही परदेशी गेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. जे काही उभे राहिले ते हवाई टपालाच्या निळ्या पत्रांवर, आणि कधीमधी पुण्यात येणाऱ्या पाहुण्यांना घरी वरणभात जेवू घालून पेठांमधून पायी फिरवून आणण्यावर.

पहिले पत्र त्यांनी १९६८ साली लिहिले. आजच्या रुमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हानियातील तोर्डा येथे १५६८ मध्ये भरलेल्या सभेने, उपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे शास्त्र सांगण्याची आणि गावकऱ्यांना पटेल तोच उपदेशक ठेवण्याची मोकळीक दिली होती. त्या ठरावामागे असलेले युनिटेरियनांचे आद्य आचार्य फेरेन्त्स दावीद पुढे १५७९ साली देवा येथील किल्ल्यात कैदेत वारले. या ठरावाला चारशे वर्षे होत आहेत असे मामांच्या वाचनात आले आणि त्यांनी ट्रान्सिल्व्हानियातीलच क्लूज शहरातील युनिटेरियन मंडळींना अभिनंदनाचे पत्र पाठवले. उत्तर यायला सात महिने लागले. त्यानंतर इंग्लंड, अमेरिका, प्राग, आणि आपल्याच देशातील खासी टेकड्या, असा पसारा वाढत गेला. खासी टेकड्यांतील युनिटेरियनांना, ज्यांची मंडळी हाजोम किसोर सिंग यांनी १८ सप्टेंबर १८८७ रोजी जोवाईत सुरू केली, मामा दरवर्षी त्या तारखेच्या आधी पोचेल अशा बेताने शुभेच्छांचे पत्र टाकत. टपाल कुठे किती दिवस रेंगाळते हे त्यांना नोकरीमुळे पाठ होते.

ते गेल्यावर कपाटात सुमारे साडेचारशे कागद निघाले. परदेशातून आलेली पत्रे होतीच, पण स्वतः लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक पत्राची कार्बन प्रतही त्यांनी ठेवली होती. घरगुती पत्रव्यवहारात सहसा एकच बाजू उरते, येथे दोन्ही बाजू उरल्या होत्या, आणि त्यामुळेच या कागदांचे पुस्तक व्हावे असे आम्हा भावंडांना वाटले.

सुरुवातीला आमच्या हातून चुका झाल्या. शहरातील एका दुकानात, ज्याचे नाव मी देत नाही, आम्ही तीन पत्रे नमुन्यादाखल दिली, तर ती प्लास्टिकच्या आवरणात गरम दाबून, लॅमिनेट करून परत मिळाली. कागद कायमचा टिकेल असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात उष्णतेने वितळलेला डिंक कागदाच्या तंतूंत शिरतो आणि मग ते आवरण कागद फाटल्याशिवाय निघत नाही. त्यांपैकी एक पत्र प्रागहून आलेले होते आणि त्यावरची पेन्सिलीची टिपणे आता प्लास्टिकच्या चकाकीमुळे नीट वाचताही येत नाहीत. दुसरी चूक आमच्या घरातलीच होती. गंजलेल्या टाचण्यांनी कागद खराब होतील या काळजीने आम्ही एका दुपारी बसून बहुतेक सगळ्या टाचण्या काढून टाकल्या होत्या, आणि त्या घाईत कोणता कागद कोणाला जोडलेला होता हे कायमचे विसकटले होते.

नारायण पेठेतल्या त्या कारखान्यात काम करणाऱ्या काकांनी पहिल्या भेटीत कागदांना हात लावण्याआधी हात धुतले, कोरडे केले, टेबलावर पांढरा टीपकागद पसरला आणि मग गठ्ठा सोडला. दहा-बारा कागद पाहून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एका कार्बन प्रतीच्या डाव्या कोपऱ्यातली बारीक तपकिरी रेघ त्यांनी मला भिंगाखाली दाखवली. "ताई, ही टाचणीची खूण आहे. हिच्यासारखी दुसरी खूण कुठल्या तरी आलेल्या पत्रावर असणार. टाचण्या गेल्या तरी खुणा राहतात, आपण जोड्या लावून बघू." त्यांनी हे अगदी सहज सांगितले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आले, कारण जे आम्ही स्वतःच्या हाताने मोडले होते ते परत जुळेल अशी आशा मी सोडून दिली होती.

पुढचे तीन आठवडे त्यांनी आणि त्यांच्याकडे शिलाईचे काम करणाऱ्या मावशींनी हेच केले. टाचणी कागदात दोनदा शिरते, त्यामुळे दोन भोके आणि मधली गंजाची रेघ अशी खूण उमटते. रेघेची लांबी, तिचा तिरकेपणा, कडेपासूनचे अंतर आणि गंजाचा गडदपणा या चार गोष्टी जुळल्या, तर ते दोन कागद एकत्र टाचलेले होते असे मानायचे. एकशे त्र्याऐंशी कार्बन प्रतींपैकी एकशे एकसष्ट प्रतींची जोड त्यांनी लावली. याचे महत्त्व असे की मामा तारीख मूळ पत्रावर शेवटी हाताने घालत, त्यामुळे कार्बन प्रतींवर ती उमटलेलीच नव्हती. प्रत ज्या पत्राला टाचलेली, त्याचेच ते उत्तर, हे एकदा समजल्यावर मागचापुढचा क्रम आपोआप लागत गेला.

या जोड्या लागल्या नसत्या तर मला एक गोष्ट कधीच कळली नसती. १९७४ सालच्या एका पत्रात इंग्लंडमधल्या एका उपदेशकांनी मामांना विचारले होते की, तुम्ही निराकार ईश्वराची उपासना करता, मूर्ती मानत नाही, मग उपासनेत तुकारामांचे अभंग म्हणताना विठ्ठलाचे नाव कसे घेता? या एका पत्राला मामांच्या तीन प्रती टाचलेल्या होत्या, म्हणजे त्यांनी उत्तर तीनदा लिहिले होते. पहिल्या मसुद्यात समाजाची तत्त्वे क्रमवार सांगितली आहेत आणि ते पत्र एखाद्या अर्जासारखे वाटते. दुसऱ्यात अभंगाचे इंग्रजी भाषांतर करून पाहिले आहे आणि ते मध्येच सोडले आहे. तिसऱ्यात मामा लिहितात की त्यांची आई जात्यावर बसून जे नाव घेत असे, त्या नावातले दगडाचे रूप त्यांनी मनातून काढले आहे, पण आईचा आवाज काढता येत नाही आणि काढू नये असे त्यांना वाटते. बहुधा हेच पत्र पाठवले गेले असावे, कारण पुढच्या उत्तरात त्या उपदेशकांनी आपल्या आजीविषयी दोन पाने लिहिली आहेत. मामा माझ्याशी आपल्या आईविषयी कधीही बोलले नव्हते.

ट्रान्सिल्व्हानियाची पत्रे क्रमाने लागल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. रुमानियात हुकूमशाही होती तोपर्यंतची उत्तरे पाच-सहा ओळींची आहेत, त्यांत हवामान, द्राक्षे आणि प्रकृती यांपलीकडे काही नाही. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली आणि १९९० च्या वसंतात आलेले पहिले पत्र अकरा पानांचे आहे. मामांची त्या वीस वर्षांतली पत्रे मात्र एकसारख्या लांबीची आहेत. समोरून पाच ओळी येत असताना ते दोन पाने लिहीत राहिले, आणि समोरच्याला अडचण होईल असा एकही प्रश्न त्यांनी त्यांत विचारलेला नाही.

आता प्रत्यक्ष कारागिरीविषयी. फाटलेल्या घड्यांवर काकांनी अतिशय पातळ जपानी टिश्यू कागद गव्हाच्या खळीने चिकटवला आहे. बाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण पत्रांसाठी त्यांनी खळ वेगळी शिजवली आणि तीत मोरचूद घातले नाही, कारण त्यातले तांबे काळाच्या ओघात कागदाला डागाळते. मोरचुदाची खळ त्यांनी फक्त बाहेरच्या पुठ्ठ्याला वापरली. गव्हाच्या खळीचा मोठा गुण हा की गरज पडली तर ओलसर टीपकागद ठेवून ती सोडवता येते. सेलोटेपच्या पिवळ्या पट्ट्या काढायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि त्यांचे डाग पूर्ण गेलेले नाहीत. ते जाणार नाहीत हे काकांनी आधीच सांगितले होते.

पत्रांना भोक पाडून शिवणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी प्रत्येक पत्राची एक कड जाड कागदाच्या अरुंद पट्टीला चिकटवली आणि त्या पट्ट्यांचे जुज करून दोऱ्याने शिवले. शिलाई पट्टीतून जाते, पत्राला सुई लागतही नाही. निळ्या हवाई पत्रांत मजकूर घडीच्या आतल्या पाळीवर आणि बाहेरच्या कडेवरही लिहिलेला असतो, म्हणून ती पत्रे खंडात असतानाच चारही बाजूंनी उलगडतील अशा रीतीने बसवली आहेत. हे मी घरी आल्यावर तीस-चाळीस पत्रांवर करून पाहिले, एकही घडी अडत नाही. पूर्वी खराब झालेली ती तीन लॅमिनेट केलेली पत्रे सोलण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, शेवटच्या खंडाच्या आतल्या बाजूस खिसा करून त्यात ठेवली.

प्रागच्या पत्रांपैकी एकात वाळलेले फूल होते. तेथील युनिटेरियन मंडळींत नॉर्बर्ट चापेक यांनी जून १९२३ मध्ये एक उपासना सुरू केली, तीत प्रत्येकाने एक फूल आणायचे, सगळी फुले एकत्र ठेवायची, आणि जाताना दुसऱ्या कोणाचे तरी फूल घेऊन जायचे. चापेक यांना नाझींनी पकडले आणि १९४२ साली ठार केले, पण ती उपासना जगभरच्या युनिटेरियनांत आजही होते. मामांनी ती वाचल्यावर जूनच्या एका रविवारी आपल्या घरीच केली होती. मी तेव्हा शाळेत होते. मंडईतून आणलेला मोगरा मी परडीत ठेवला आणि शेजारच्या आजींनी आणलेली अनंताची कळी घेऊन घरी गेले, एवढे मला स्वच्छ आठवते. काकांनी ते वाळलेले फूल पत्रातून काढून वेगळ्या पाकिटात ठेवले आणि पाकीट त्याच पानाला जोडले, कारण फुलाचा रस शेजारच्या कागदांवर उतरत होता. पत्रावर उमटलेला पाकळ्यांचा तपकिरी ठसा पुसायचा का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले, आणि त्यांनी तो ठेवला.

कामात उणिवाही आहेत आणि त्या लिहिणे मला आवश्यक वाटते. सर्वांत मोठी उणीव वेळेची. दिवाळीपर्यंत देतो असे सांगितले होते आणि काम होळीनंतर मिळाले. मामांच्या स्मरणार्थ जानेवारीत जी उपासना झाली, तीत मांडायला आमच्या हाती फक्त पहिला खंड होता, आणि ट्रान्सिल्व्हानियाची पत्रे ऐकायला मुद्दाम आलेल्या मंडळींना ती ऐकवता आली नाहीत. उशीर होणार हे त्यांनी दसऱ्यालाच सांगायला हवे होते. स्कॅनिंग चांगले आहे, रंगीत आहे, पाकिटांच्या दोन्ही बाजूही घेतल्या आहेत, पण फायलींना केवळ क्रमांक दिले आहेत. तारीख आणि गाव घालून साडेचारशे फायलींची नावे मला स्वतः बदलावी लागली. दुसऱ्या खंडाच्या कण्यावर सोनेरी ठशात 'युनिटेरियन' हा शब्द दीर्घ 'री'ने छापला गेला होता, तो त्यांनी कापड बदलून विनामूल्य दुरुस्त करून दिला. खर्च कमी नाही. तिन्ही खंडांना मिळून मधल्या किमतीच्या स्मार्टफोनइतका खर्च आला, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागली. कामाचे तास पाहता मला ती रक्कम योग्य वाटते.

काम हाती आल्यावर मी स्कॅन केलेली पत्रे मामांच्या जुन्या परिचितांच्या मंडळींना पाठवली. ट्रान्सिल्व्हानियातल्या एका गावातून उत्तर आले की मामांची मूळ पत्रे त्यांच्याही देवळातल्या कपाटात जपलेली आहेत, आणि त्यांनी तेरा पत्रांची छायाचित्रे तारखांसह पाठवली. ती आमच्या खंडांशी ताडून पाहिली तेव्हा टाचण्यांच्या खुणांवरून लावलेल्या क्रमातील अकरा पत्रे बरोबर निघाली आणि दोन चुकलेली. मी छायाचित्रे घेऊन कारखान्यात गेले. काकांनी ती लक्षपूर्वक पाहिली, "मावशी, हे दोन आपण चुकलो," असे आत ओरडून सांगितले, आणि त्याच दुपारी ओलसर टीपकागद ठेवून ती दोन्ही पत्रे पट्टीवरून सोडवली आणि योग्य जागी बसवून दिली. कागदाला ओरखडाही आला नाही. याचे पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला.

ज्यांच्या घरी असा पत्रव्यवहार असेल आणि ज्यांना घाई नसेल, त्यांनी तेथे अवश्य जावे. मे आणि जून टाळावेत, कारण त्या काळात ग्रंथालयांचे मोठे काम असते, आणि गणपतीच्या दहा दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या बाजूने कागदांचे ओझे घेऊन पोचणे अवघड जाते. पत्रे सुती कापडात बांधून न्यावीत, प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नयेत. जाण्यापूर्वी घरी सेलोटेप लावू नये, कागद उन्हात घालू नयेत, आणि टाचण्या कितीही गंजलेल्या दिसल्या तरी त्या आहेत तशाच राहू द्याव्यात.